‘खडकांमधली मरिया’: पॅरिसचे चित्र, लंडनचे चित्र आणि मधली पंचवीस वर्षे

पाटीपेन्सिल

लिओनार्दो दा विंचीचे ‘व्हर्जिन ऑफ द रॉक्स’ हे चित्र दोन ठिकाणी आहे: पॅरिसच्या लूव्रमध्ये आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत. मांडणी तीच. गुहेसारख्या खडकांत बसलेली मरिया, दोन बाळे, एक देवदूत. फरक मात्र ठळक आहेत. लूव्रमधला देवदूत आपल्याकडे पाहतो आणि उजव्या हाताचे बोट एका बाळाकडे दाखवतो. लंडनच्या चित्रात तो हातच नाही आणि नजर आतल्या आत वळलेली आहे. लंडनमध्ये मरियेच्या आणि दोन्ही बाळांच्या डोक्यामागे बारीक सोनेरी वलये आहेत, एका बाळाजवळ लांब काठीचा क्रूस आहे. लूव्रमध्ये यातले काहीच नाही.

विचारायचे ते असे:
1. एकाच कामाची दोन चित्रे का झाली? पहिले कोणते?
2. लंडनच्या चित्राखाली वेगळेच चित्र सापडले आहे म्हणतात. रंगाचा थर न काढता ते कसे दिसते?
3. लंडनचे चित्र लिओनार्दोचे की शिष्यांचे?
4. येशू कोणता आणि योहान कोणता? वेगवेगळ्या ठिकाणी उलटसुलट वाचायला मिळते.

गुप्त संकेतांच्या कथा बाजूला ठेवून कागदपत्रे आणि तपासण्या यांतून काय हाती लागते, ते हवे आहे.

---

जुना_दस्त

पहिला प्रश्न घेतो, कारण बाकीच्यांची किल्ली त्यात आहे. दोन चित्रांमागे पैशाचे भांडण आहे आणि ते कागदावर उतरलेले आहे.

करार 25 एप्रिल 1483 चा, मिलानमधला. काम देणारी संस्था म्हणजे निष्कलंक गर्भसंभवाला वाहिलेली गृहस्थांची धार्मिक मंडळी. (‘नन्सनी चित्र मागवले’ असे एका गाजलेल्या कादंबरीमुळे पसरले आहे, ते चूक आहे.) त्यांचे प्रार्थनालय सान फ्रांचेस्को ग्रांदे या चर्चमध्ये होते. वेदीमागची मोठी लाकडी चौकट जाकोमो देल माइनो या कारागिराने आधीच कोरून दिली होती. करार तिघांशी झाला: लिओनार्दो, आणि एव्हांजेलिस्ता व आम्ब्रोजो दे प्रेदिस हे दोघे भाऊ. काम नुसते एका चित्राचे नव्हते. कोरीवकामाला सोन्याचा मुलामा देणे, मूर्ती रंगवणे हेही त्यातच होते, आणि मेहनतीच्या हिशेबात तो वाटा लहान नव्हता.

मधल्या फळीवर मरिया आणि बाळ, देवदूत, शिवाय दोन संदेष्टे असावेत, दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर गाणारे-वाजवणारे चार-चार देवदूत असावेत, असे ठरले होते. प्रत्यक्षात संदेष्टे कुठेच नाहीत. बाजूच्या फळ्यांवर एकेकच देवदूत आहे. आणि ज्या बाळ योहानामुळे हे चित्र ओळखले जाते, त्याचे नाव करारात नाही.

आता हिशेब. एकूण 800 लिरे, म्हणजे 200 डुकाट. 1 मे 1483 ला 100 लिरे, मग जुलैपासून दरमहा 40. उरलेले 700 भागिले 40 म्हणजे साडेसतरा हप्ते, म्हणजे शेवटचा हप्ता 1484 च्या डिसेंबरात जातो. काम संपवायची मुदत मात्र 8 डिसेंबर 1483, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाचा दिवस. डिसेंबरचा हप्ता धरला तरी तोवर हातात आलेले फक्त 340. शिवाय शेवटी काम पाहून वरची बक्षिसी ठरवायची, आणि ती ठरवणारे संस्थेच्याच बाजूचे. भांडणाची बी इथेच पेरलेली दिसते.

1490 नंतर कधीतरी लिओनार्दो आणि आम्ब्रोजो यांनी (एव्हांजेलिस्ता तोवर वारला होता) मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे अर्ज केला. म्हणणे असे की 800 लिरे कामातच खर्च झाले. मरियेच्या तैलचित्राची किंमत 100 डुकाट होते, आणि तेवढे देणारे गिऱ्हाईकही आहे. संस्था मात्र 25 देऊ करते. तेव्हा एकतर जाणकारांकडून किंमत ठरवून घ्या, नाहीतर चित्र आम्हाला परत द्या.

तो ‘गिऱ्हाईक आहे’ हा उल्लेख फार मोलाचा आहे. बहुतेक अभ्यासक आज मानतात ते असे: पहिले चित्र, म्हणजे लूव्रचे, 1480 च्या दशकात झाले आणि दुसऱ्या कुणाकडे गेले. संस्थेची जागा भरायला 1490 च्या दशकात दुसरे चित्र सुरू झाले, तेच लंडनचे. 27 एप्रिल 1506 च्या निवाड्यात काम ‘अपुरे’ ठरले. लिओनार्दोने ते दोन वर्षांत पुरे करावे, मग आणखी 200 लिरे मिळतील, असा निर्णय झाला. ते पैसे ऑगस्ट 1507 आणि ऑक्टोबर 1508 मध्ये चुकते झाले. करारापासून शेवटच्या पावतीपर्यंत पंचवीस वर्षे.

कोणते चित्र प्रार्थनालयात होते याचा पुरावा उलट्या दिशेने लागतो. लंडनचे चित्र 1785 मध्ये चित्रव्यापारी गॅविन हॅमिल्टनने मिलानमध्ये विकत घेऊन इंग्लंडला नेले, आणि 1880 मध्ये नॅशनल गॅलरीने 9,000 गिनींना (9,450 पौंड) घेतले. त्याच चौकटीतल्या देवदूतांच्या दोन फळ्या 1898 मध्ये मागोमाग आल्या. म्हणजे त्याची साखळी थेट वेदीपर्यंत पोचते. लूव्रच्या चित्राची पहिली पक्की नोंद 1625 ची, फ्रान्समधल्या फाँतेन्ब्लोच्या राजवाड्यात. त्याआधीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांसाठी दोन तर्क मांडले जातात. एक, 1493 मध्ये लुडोविकोची पुतणी बियांका मारिया आणि सम्राट मॅक्सिमिलियन यांच्या लग्नातली भेट. दुसरा, 1499 मध्ये मिलान जिंकणारा फ्रान्सचा राजा बारावा लुई. दोन्ही तर्कच आहेत. ‘लग्नाच्या भेटीत दिले’ असे कुणी ठामपणे लिहिले असेल तर त्याला दस्ताचा आधार नाही.

---

वसईची_घंटा

चौथा प्रश्न. मरियेच्या उजव्या हाताखाली, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, गुडघा टेकून हात जोडलेला तो योहान, पुढे बाप्तिस्मा देणारा. देवदूताजवळ जमिनीवर बसून दोन बोटे उंचावून आशीर्वाद देतो तो येशू. गोंधळ होतो तो जागेमुळे. आईच्या कवेत तिचे स्वतःचे मूल असणार असे आपण धरून चालतो, आणि इथे आईने जवळ घेतले आहे ते दुसऱ्याचे मूल. म्हणून मग ‘योहान येशूला आशीर्वाद देतो’ अशी उलटी वाचने निघतात. हात पाहा, जागा पाहू नका. जो वंदन करतो तो योहान, जो आशीर्वाद देतो तो येशू.

मिसरच्या प्रवासात दोन बाळांची भेट झाली ही कथा शुभवर्तमानांत नाही, ती नंतरच्या परंपरेतली आहे.

संस्थेच्या नावाबद्दलही लिहायला हवे. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारी मातेच्या पोटी झालेला जन्म नव्हे. मरिया स्वतः आपल्या आईच्या, हन्नाच्या, उदरात आली तेव्हापासूनच मूळ पापाच्या डागाविना होती, असा तो विश्वास आहे. पंधराव्या शतकात यावर जोरात वाद होता. फ्रान्सिस्कन संन्यासी बाजूने, डॉमिनिकन संन्यासी विरोधात. पोप चौथा सिक्स्टस याने 1470 च्या दशकात या सणाच्या उपासनेला मान्यता दिली, पण धर्मसिद्धान्त म्हणून घोषणा झाली ती थेट 1854 मध्ये. पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचे फेस्त 8 डिसेंबरला असते ते याच सणाचे, आणि लिओनार्दोला मुदत दिली होती तीही याच तारखेची.

याचा चित्राशी संबंध असा की 1483 मध्ये हा विषय कसा रंगवायचा याचा ठरलेला साचा नव्हता. पुढे सतराव्या शतकात स्पेनमध्ये चंद्रकोरीवर उभी निळ्या झग्यातली मरिया रूढ झाली. लिओनार्दोपुढे ते काहीच नव्हते. ओसाड खडक, पाणी, अंधार आणि त्यात मरियेचा उजळ चेहरा, हे त्याने स्वतः शोधले. मला हे चित्र थोर वाटते ते यासाठी.

---

पाटीपेन्सिल

दोघांचे आभार. म्हणजे लंडनच्या चित्रातली वलये आणि क्रूस संस्थेच्या आग्रहाने घातले, हे बरोबर का? आणि दुसरा-तिसरा प्रश्न अजून उभे आहेत.

---

जवसतेल

वलये आणि क्रूस आधी. ते लिओनार्दोच्या हातचे धरले जात नाहीत, नंतर कुणी तरी घातलेले आहेत असेच सर्वसाधारण मत आहे. ‘लूव्रच्या चित्रात वलये नव्हती म्हणून संस्थेने ते नाकारले’ ही गोष्ट ऐकायला सुटसुटीत आहे, पण अर्जात आणि निवाड्यात भांडण आहे ते किमतीचे आणि अपुरेपणाचे. वलयांचा विषयच नाही.

आता चित्राखालचे चित्र. तीन तपासण्या लक्षात घ्या. प्रत्येकीला वेगळे दिसते आणि प्रत्येकीचा आंधळा कोपरा वेगळा आहे.

क्ष-किरण जड धातूंवर अडतात. शिसपांढरा (शिशापासून केलेला पांढरा) जिथे जाड, तिथे प्रतिमेत उजळ दिसते. चेहऱ्याची जागा बदलली असेल तर जुन्या चेहऱ्याचा पांढरा कळतो. पण नुसते रेषाटन (रंगाखालची आखणी) क्ष-किरणात सहसा उमटत नाही, त्यात जड काही बहुधा नसते.

इन्फ्रारेडचे उलट. साधारण 900 ते 1700 नॅनोमीटरच्या टप्प्यात बरेच रंग पारदर्शक होतात आणि कोळशाचा काळा प्रकाश शोषून घेतो. पांढऱ्या अस्तरावर (रंगाखालच्या पहिल्या थरावर) काळ्याने केलेले रेषाटन असेल तर ते वरच्या रंगातून दिसू लागते. अडचण अशी की वरच्या थरात काळा असेल तर तोही तितकाच शोषतो. लिओनार्दोच्या छाया म्हणजे काळ्याचाच कारभार. त्यामुळे खडक, केस, गडद वस्त्रे या भागांत इन्फ्रारेडला फारसे काही लागत नाही. चित्रच असे आहे की जिथे सर्वांत जास्त कुतूहल, तिथेच पडदा.

तरीही 2005 मध्ये नॅशनल गॅलरीला इन्फ्रारेडमध्ये वेगळी मरिया दिसली. गुडघ्यावर, एक हात छातीशी, दुसरा पसरलेला. म्हणजे दुसरे चित्र सुरू करताना पहिल्याची नक्कल करण्याचा बेतच नव्हता. नवीन मांडणी आखली, मग ती सोडली, आणि त्याच फळीवर जुनी मांडणी पुन्हा उतरवली. निव्वळ नक्कल करायला बसवलेला शिष्य असे करत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते.

2019 मध्ये तिसरी तपासणी जाहीर झाली. यात क्ष-किरणांचा बारीक झोत चित्रावरून ठिपक्याठिपक्याने फिरवतात. प्रत्येक मूलद्रव्य उलट स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण सोडते, त्यावरून एकेका मूलद्रव्याचा नकाशा तयार होतो. सोडलेल्या पहिल्या मांडणीच्या रेषाटनात जस्त निघाले, म्हणून जस्ताच्या नकाशात देवदूत आणि येशू दिसले. दोघे आजच्यापेक्षा वर, देवदूत बाळाला अधिक घट्ट धरून खाली पाहतो आहे. जिथे काळ्यामुळे इन्फ्रारेड थांबले होते, तिथे जस्ताने वाट दिली.

असे नकाशे वाचताना एक चूक नेहमी होते. जस्त दिसले की ते जुनेच, असे धरू नका. जस्तपांढरा एकोणिसाव्या शतकात चित्रकारांच्या पेटीत सर्रास आला, त्यामुळे नंतरच्या डागडुजीचे ठिगळही त्याच नकाशात उजळते. शिवाय जस्ताचे क्षार तेल लवकर वाळावे म्हणूनही घालत. म्हणून जस्ताची रेघ इन्फ्रारेड, क्ष-किरण आणि साधा फोटो यांच्यावर ठेवून पाहायची. आकृतीला धरून चालणारी रेघ असेल तर रेषाटन, तड्याच्या किंवा झिजेच्या कडेने पसरलेला डाग असेल तर डागडुजी.

त्याच तपासणीत अस्तराच्या थरात हाताचे ठसेही दिसले. ओला थर तळव्याने थोपटून सारखा केल्याच्या त्या खुणा. हात लिओनार्दोचा की मदतनिसाचा, हे ठशावरून ठरत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उरलेले अर्धे. 1948-49 च्या सफाईनंतर लावलेले वार्निश पिवळे-धूसर होत गेले होते. 2008 ते 2010 मध्ये ते पातळ केले तेव्हा गॅलरीचे मत बदलले. आधी मदतनिसांचा वाटा मोठा मानत, नंतर बहुतांश काम लिओनार्दोचेच असे मांडले गेले. सगळे अभ्यासक तेवढे पुढे जात नाहीत. लंडनचे चित्र जागोजागी अपुरे आहे हे मात्र उघड दिसते. येशूच्या पाठीमागचा देवदूताचा हात पाहा, नुसता मांडून ठेवला आहे. ज्याला 1508 मध्ये पुरे धरून पैसे दिले, ते खरे तर पुरे नाही.

---

कातळसडा

खडकांविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून भर घालतो.

ॲन पिझोरुसो या भूवैज्ञानिकेने 1996 मध्ये मांडलेला मुद्दा असा की लूव्रच्या चित्रातले खडक ओळखता येतात. खाली झिजून गोलावलेला वालुकाश्म, त्यावर डायबेसचा आडवा थर, आणि डायबेसला थंड होताना पडलेल्या उभ्या भेगा. डायबेस आपल्याला परका नाही. बसाल्टचाच भाऊबंद. तोच शिलारस, पण वर न येता जमिनीखाली थिजलेला, म्हणून कण जरा मोठे. धुळे-नंदुरबारकडे डोलेराइटच्या लांबच लांब भिंती दिसतात तो हाच खडक, फक्त तिथे तो उभा घुसला आहे आणि चित्रात आडवा. लूव्रच्या चित्रात झाडे उगवली आहेत तीही वालुकाश्माच्या भुसभुशीत भागात. कठीण डायबेसवर मुळे धरणार नाहीत, आणि चित्रात तिथे ती नाहीत.

लंडनच्या चित्रात हा भेद पुसट होतो. खडक एकाच पोताचे, जाड, साच्यातले. वनस्पतींबद्दलही तसेच म्हणतात: लूव्रमध्ये खऱ्या प्रजाती, लंडनमध्ये मनची फुले. यावरून लंडनचे खडक आणि झाडे लिओनार्दोची नाहीत असा निष्कर्ष काढला जातो.

---

जवसतेल

@कातळसडा, निरीक्षण मान्य, निष्कर्षाला एक पायरी कमी पडते. खडक चुकीचा म्हणजे हात दुसऱ्याचा, हे तेव्हाच धरता येईल जेव्हा हेतू दोन्ही वेळी तोच होता. नॅशनल गॅलरीची मांडणी अशी की 1490 नंतर लिओनार्दो निसर्गाची हुबेहूब नोंद सोडून आदर्श रूपाकडे वळला होता. दुसरे असे की अशा कारखान्यात फुले-पाने शिष्याकडे देणे हा रिवाजच होता. झाडे शिष्याची निघाली तरी चेहऱ्यांचा निकाल त्यावरून लागत नाही. भागागणिक बोलावे लागते.

---

कातळसडा

भागागणिक बोलायचे हे पटले. पण ‘आदर्श रूप’ हे उत्तर प्रत्येक चुकीला लागू होते, म्हणून ते मला पुरेसे वाटत नाही. लिओनार्दोच्या वह्यांत खडकांचे थर उत्तरोत्तर जास्त बारकाईने आले आहेत, कमी नाहीत.

---

पाटीपेन्सिल

शेवटचे. दोन्ही चित्रे घरी संगणकावर शेजारी ठेवून तपासायची तर कशी? फोटो नुसते शेजारी लावले की रंगच डोळ्यांत भरतात.

---

जवसतेल

रंग सोडूनच द्या. लूव्रच्या चित्रावर जुने पिवळे वार्निश आहे, लंडनचे 2010 मध्ये साफ होऊन आले. ‘पॅरिसचे ऊबदार, लंडनचे थंड’ हा फरक थोडा लिओनार्दोचा आणि थोडा वार्निशचा आहे, आणि पडद्यावर तो वेगळा करता येत नाही. दोन्ही फोटो आधी राखाडी करून घ्या.

मग माप. लूव्र 199 × 122 सेंमी, लंडन 189.5 × 120 सेंमी. एका सेंटिमीटरला 20 पिक्सेल धरले तर लूव्र 3980 × 2440 आणि लंडन 3790 × 2400. फोटोत चौकट आली असेल तर ती आधी कापा, नाहीतर सगळे प्रमाण बिघडेल. लंडनचे चित्र निम्म्या पारदर्शकतेने वर ठेवा आणि मरियेचे डोळे जुळवा. बाळे जुळणार नाहीत. लंडनमधल्या आकृत्या मोठ्या आहेत, फळी लहान असूनही. मोठे करून जुळवायचा मोह होईल, तो आवरा, कारण हा फरकच पाहायचा आहे: खडक आणि मोकळी जागा कमी झाली, माणसे पुढे आली.

नंतर मरियेचा पसरलेला डावा हात आणि येशूचे डोके यांमधली जागा पाहा. लूव्रमध्ये तिथे देवदूताचा दर्शक हात आडवा येतो. लंडनमध्ये ती जागा रिकामी आहे, आणि मरियेचा हात छत्रासारखा सरळ बाळावर उतरतो. एक हात काढल्याने नजरेची सगळी वाट बदलली.

लूव्रच्या चित्राच्या पृष्ठभागावरून मात्र निष्कर्ष काढताना जपा. 1806 मध्ये ते लाकडावरून कापडावर उतरवले आहे. दर्शनी बाजूवर कागद चिकटवून चित्र पालथे घालायचे, मागचे लाकूड रंध्याने पातळ करत शेवटचे तंतू खरवडायचे, मग मागून नवे अस्तर आणि कापड चिकटवायचे आणि पुढचा कागद सोडवायचा, अशी ती रीत. यात रंगाचा उठाव दबतो आणि कापडाची वीण वर उमटू शकते. तडे आणि पोत तुलनेला घ्यायचे नाहीत. लंडनचे अजून मूळ पॉप्लरच्या फळीवर आहे.

---

जुना_दस्त

तुलनेत आणखी दोन गोष्टी धरा. एक, मिलानच्या आफ्फोरी भागात सांता जुस्तीना चर्चमध्ये याच मांडणीची जुनी नक्कल आहे. ऑगस्ट 1508 मध्ये आम्ब्रोजो आणि लिओनार्दोला वेदीवरचे चित्र तात्पुरते उतरवून नक्कल करायची परवानगी मिळाली होती, त्यामुळे तिसऱ्या चित्राची चर्चा कधी कधी निघते. आफ्फोरीची नक्कल हीच ती, असे मात्र म्हणता येत नाही.

दुसरे, बाजूचे दोन देवदूत. सुमारे 118 × 61 सेंमीच्या त्या फळ्या, एक हिरव्या वस्त्रातला आणि एक तांबड्या, लिओनार्दोच्या सोबत्यांनी रंगवलेल्या. लंडनच्या मुख्य चित्रातला कुठलाही चेहरा शिष्याचा वाटला, तर आधी या दोघांचे चेहरे त्याच मापात (20 पिक्सेलचेच) शेजारी ठेवा. शिष्याचा हात कसा चालतो याचा नमुना त्याच वेदीवरचा आहे.